दिव्यांग म्हणून लाभ घेताय आणि तब्येत बदलली? ठाणे-नवी मुंबईकरांनी कुठे, काय कळवायचं

आपल्याकडे ‘माझी तब्येत बदलली’ असं सांगायची एकच खिडकी नाही. निराधारचं (संजय गांधी निराधार योजनेचं) अनुदान तहसीलमधून येतं, महापालिकेची मदत समाजविकास विभागातून, सवलतीचं तिकीट एसटीकडून, वजावट आयकर खात्याकडून. यातल्या कुणालाच तुमच्या गुडघ्याचं किंवा डोळ्यांचं काही माहीत नसतं. त्यांना दिसतात दोन गोष्टी: प्रमाणपत्रावरचा टक्का आणि त्यावरची मुदत. त्यामुळे क्रम असा: आधी प्रमाणपत्र बदलून घ्यायचं, मग त्याची प्रत एकेका टेबलावर पोचवायची. उलट्या क्रमाने गेलात तर तहसीलमध्ये ‘आधी सिव्हिलचं आणा’ एवढंच ऐकून घरी याल.

आधी कार्ड नीट वाचा

यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) किंवा प्रमाणपत्र काढा आणि तीन गोष्टी बघा. अपंगत्वाचा प्रकार कोणता लिहिलाय, टक्का किती, आणि ते कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर मुदतीची तारीख असते. ही तारीख लोक हमखास विसरतात, कारण कार्ड पाकिटात असतं आणि पैसे खात्यात येत राहतात. मग एखाद्या पडताळणीत ‘मुदत संपली’ म्हणून नाव बाजूला पडतं, आणि ते कळतं दोन-तीन हप्ते चुकल्यावर. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधीच हालचाल सुरू करा. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र देण्यासाठी वैद्यकीय यंत्रणेला तीन महिन्यांपर्यंतचा वेळ आहे (आधी तो एक महिना होता), म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज करून मधला खंड टळणार नाही.

मुलांचं प्रकरण वेगळं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षी मिळालं, तरी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते; अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालतं. दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी धावपळ करणाऱ्या पालकांनी चौदाव्या वर्षाची तपासणी आधीच उरकलेली बरी.

जाण्यात अर्थ आहे का, हे ठरवा

तब्येत थोडी खालावली की लगेच बोर्डासमोर, म्हणजे टक्का ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांसमोर जावं, असं मला वाटत नाही. कायमस्वरूपी प्रमाणपत्र असेल, टक्का ४५ आहे आणि तो ५५ होईल असा अंदाज असेल, तर हातात नवं काही पडत नाही. लाभ ठरतात ते ठराविक टप्प्यांवर.

४० टक्के हा पहिला उंबरठा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे आरक्षण आणि बहुतेक योजना इथून सुरू होतात. ६५ टक्क्यांना एसटीत सोबत्याच्या तिकिटावर सवलत मिळते. ८० टक्के हा मोठा टप्पा: केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत वजावट ४० टक्क्यांना ७५,००० रुपये, तर ८० टक्क्यांना १,२५,०००. नव्या यूडीआयडी कार्डाचे रंगही याच हिशेबाने आहेत: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि पुढे निळं.

म्हणजे तुमचा बदल यातला एखादा आकडा ओलांडतो का, हा प्रश्न. ओलांडत असेल तर जा. नसेल तर कागद सांभाळून ठेवा आणि वाट बघा. फेरतपासणीत टक्का वाढेलच असं नाही, कमीही होऊ शकतो, आणि एकदा नवा आकडा नोंदला गेला की जुना दाखवून भागत नाही.

एक गणित मात्र आधीच समजून घ्या, कारण त्यावरून बोर्डाच्या दारात भांडणं होतात. पायाचं ५० टक्के होतं, आता मधुमेहाने दृष्टी गेली आणि तिचे ४० टक्के निघाले. लोक ९० धरून येतात. बोर्ड तसं जोडत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही हिस्साच मिळवतात: ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं आणि ९० ने भागायचं. इथे ४० गुणिले ४० भागिले ९०, म्हणजे जवळपास १८. एकूण ६८. या माणसाला एसटीतला सोबती मिळाला, पण ८० चा टप्पा नाही. अर्ज करण्याआधी हे कागदावर करून बघितलं तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

ठाण्याचे की रायगडचे?

पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असलं म्हणजे सगळ्यांचं कार्यालय एक असं नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्हा आणि ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे हे रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. त्यामुळे वाशीच्या माणसाची निराधारची फाइल ठाणे तहसीलला, तर बेलापूरच्या पुढे जेमतेम एक स्टेशन असलेल्या खारघरवाल्याची पनवेल तहसीलला. महापालिकाही वेगळ्या: १९९२ पासूनची नवी मुंबई महापालिका आणि २०१६ मध्ये झालेली पनवेल महापालिका. घर भाड्याचं असेल आणि तब्येतीमुळे मुलीकडे कामोठ्याला राहायला गेला असाल, तर पत्ता बदलणं हाही एक ‘बदल’ आहे. तोही दोन्ही तहसीलना लेखी कळवा.

प्रमाणपत्रासाठी नियम जरा सैल आहे. राहत्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय यंत्रणेकडे अर्ज करता येतो, किंवा जिथे उपचार चालू आहेत वा झाले आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडे. ठाण्यात जिल्हा शासकीय रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘सिव्हिल’. जुन्या इमारतीच्या जागी नवं बांधकाम सुरू झाल्यापासून तिथले विभाग हलले आहेत, म्हणून व्हीलचेअर घेऊन निघण्याआधी तुमचा विभाग आज कुठे बसतो हे फोनवर किंवा कुणा धडधाकट माणसाला पाठवून विचारून घ्या. मानसिक आजाराच्या मूल्यमापनासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. ते प्रशिक्षण आणि सेवा देतं, मुलांच्या बाबतीत योग्य दिशाही दाखवतं.

अर्ज आणि तपासणी

१ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन, यूडीआयडीच्या स्वावलंबन संकेतस्थळावरूनच निघतं. त्याआधीचं हातानं लिहिलेलं किंवा राज्याच्या जुन्या प्रणालीतलं प्रमाणपत्र असेल, तर तब्येत बदलली नसली तरी ते यूडीआयडीत आणून घ्या. तात्पुरत्या कार्डाची मुदत जवळ आली असेल तर त्याच संकेतस्थळावर लॉगिन करून नूतनीकरणाचा अर्ज भरायचा. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. ‘लक्ष्मीबाई’ आणि ‘लक्ष्मी’ एवढ्यावर अर्ज अडकलेले मी पाहिलेत. कायमस्वरूपी प्रमाणपत्रावरचा टक्का बदलून हवा असेल, तर आधी रुग्णालयातल्या यूडीआयडीच्या टेबलावर जा, फेरतपासणीसाठी लेखी अर्ज द्या आणि प्रकरण ऑनलाइन कसं उघडायचं ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. सायबरवाल्याच्या भरवशावर नवीन अर्ज टाकला तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, आणि त्या निस्तरणं मूळ कामापेक्षा जड जातं.

हाडं, कान, डोळे, मेंदू या प्रत्येक विभागाचे तपासणीचे वार ठरलेले असतात. ते विचारून जा. सोबत हे घ्या: जुनं प्रमाणपत्र, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, आणि अलीकडचे रिपोर्ट. एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म घरी ठेवून नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. सगळं तारखेप्रमाणे लावा आणि वर एका पानावर साधं टिपण ठेवा: कधी झटका आला, कुठे भरती होता, कोणती शस्त्रक्रिया, त्यानंतर काय बिघडलं. डॉक्टरांसमोर रांग मोठी असते. ते तुमची पिशवी उपसत बसणार नाहीत, पण एक पान नक्की वाचतील.

बोर्डासमोर घरची गरिबी सांगून उपयोग नाही. कठोर वाटेल, पण तिथे मोजतात ते स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, चष्मा लावून उरलेली दृष्टी, कानाचे डेसिबल. उत्पन्नाचं रडगाणं तहसीलचं आहे, तिथे ते कामाला येतं. इथे नेमकं बोला. ‘चालता येत नाही’ यापेक्षा ‘काठीशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही, डाव्या हाताने तांब्या उचलत नाही’ हे सांगा. आणि त्या दिवशी उगाच उसनं अवसान आणू नका. आपली जुनी माणसं डॉक्टर दिसले की ‘आता बरंय’ म्हणतात. त्यांच्यासोबत घरचं कुणीतरी असू द्या.

मानसिक आजारात तर रोज सोबत राहणारा माणूस हवाच. तिथे ‘आयडियाज’ नावाच्या मापनपद्धतीत स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि काम या चार बाबी पाहतात, आणि आजाराला किती वर्षं झाली तेही धरतात. चांगल्या दिवशी पेशंट व्यवस्थित बोलतो, आणि मागचे तीन महिने त्याने अंघोळही केली नव्हती हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं. वाईट दिवसांची वही ठेवा.

एक अडचण पक्षाघाताच्या घरांत नेहमी येते. झटका आल्यानंतर सहा महिने झाल्याशिवाय अपंगत्व मोजत नाहीत, कारण तोवर सुधारणा होत असते. मधल्या काळात खायचं काय? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांखेरीज पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग यांसारख्या आजारांमुळे कमावता न येणारेही बसतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा आजाराचा दाखला लागतो, टक्क्याचं प्रमाणपत्र नाही. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र मिळालं की तहसीलमध्ये तुमचा प्रवर्ग दिव्यांग असा बदलून घ्यायचा.

टक्का पटला नाही, तर तिथेच आवाज चढवण्याऐवजी प्रत घ्या. नाकारलं असेल तर कारणांसह लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलाला तोंडी हकिगत पुरत नाही, तो कागद लागतो.

नवा कागद हातात आल्यावर

आता तहसील. इथे एक गोष्ट पैशाची आहे, म्हणून सविस्तर सांगतो. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना १,५०० वरून २,५०० झाली. बाकीच्या प्रवर्गांना ही वाढ नाही. आता समजा, मुंब्र्यातल्या एका बाईंना विधवा म्हणून अनुदान चालू होतं, नंतर मधुमेहाने पाय कापावा लागला. प्रमाणपत्र निघालं, पण तहसीलच्या नोंदीत त्या अजूनही ‘विधवा’च. त्यांनी कळवलं नाही तर फरकाचे हजार रुपये कुणी घरी आणून देणार नाही. संजय गांधी शाखेत असा साधा अर्ज द्यायचा:

‘प्रति, मा. तहसीलदार (संजय गांधी योजना), ठाणे. विषय: लाभार्थी प्रवर्गात बदल करणेबाबत. महोदय, मी आपल्या योजनेची लाभार्थी असून मला विधवा या प्रवर्गात अनुदान मिळते. आजारपणामुळे मला कायमचे अपंगत्व आले असून त्याचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड सोबत जोडले आहे. तरी माझी नोंद दिव्यांग प्रवर्गात करून त्यानुसार अनुदान मिळावे, ही विनंती. सोबत: प्रमाणपत्र, आधार, बँक पासबुकाची प्रत, उत्पन्नाचा दाखला.’

खाली तारीख, सही, मोबाइल. दोन प्रती न्या. एक टपालात द्या, दुसऱ्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवा इथे, बघतो’ यावर समाधान मानू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला. उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून ताजा काढा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे, इतरांसाठी २१,०००.

महापालिकेच्या योजनांसाठी समाजविकास विभागात तीच प्रत. नोकरीत असाल तर कार्यालयाच्या आस्थापना शाखेत. टीएमटी, एनएमएमटी, महापालिका, सरकारी खाती यांत काम करणाऱ्यांनी कलम २० लक्षात ठेवावं: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. चालकाला गाडी चालवता येत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचं. म्हणून घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. खासगी कंपनीला हे कलम असं लागू नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करताना अपघात झालेल्यांचा हिशेब आणखी वेगळा. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) वैद्यकीय बोर्ड ठरवतो तो टक्का कमाईची क्षमता किती गेली त्याचा, यूडीआयडीवरचा टक्का शरीराचा. दोन्ही सारखे येतीलच असं नाही आणि एकाची प्रत दुसरीकडे दाखवून काम होत नाही. जुनी इजा अनपेक्षितपणे बरीच वाढली, तर ईएसआयमध्ये मूल्यांकनाचा फेरविचार मागता येतो. त्यासाठी आपल्या शाखा कार्यालयात वैद्यकीय कागदांसह अर्ज करावा.

बँकेचं विसरू नका. उजवा हात गेला की सही बदलते आणि पैसे खात्यात असून निघत नाहीत. अंगठा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेच्या सूचना तशा आहेत. शाखेत कुणी ‘चालत नाही’ म्हणालं तर व्यवस्थापकाकडे जा. एटीएमचा पिन नातवाला देऊन मोकळं होण्यापेक्षा हे चांगलं.

आणि तब्येत सुधारली तर?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, दिसायला लागलं, सांधा बदलला, चालायला लागलो, आता सांगायचं का?

रोजच्या चढउताराचं कळवायची गरज नाही. एखादा आठवडा बरा गेला म्हणजे अपंगत्व गेलं असं होत नाही. नोकरी लागली म्हणूनही प्रमाणपत्र रद्द होत नाही. कमावणारा दिव्यांग हा दिव्यांगच. मात्र निराधारचं अनुदान उत्पन्नाला बांधलेलं आहे, तिथे उत्पन्न वाढल्याचं दरवर्षीच्या पडताळणीत दाखवावंच लागतं. हयातीचा दाखलाही तेव्हाच लागतो.

पण ज्या कारणाने प्रमाणपत्र मिळालं ते कारणच संपलं असेल, दृष्टी परत आली असेल, तर स्वतः जाऊन फेरतपासणी करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कलम ९१ प्रमाणे दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी तरी तक्रार करतंच, चाळीत नाही तर ऑफिसात. आपणहून दिलेल्या अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख असते. चौकशीत तो कागद तुमच्या बाजूने बोलतो, नंतर दिलेला खुलासा तेवढा बोलत नाही. टक्का ४० च्या खाली आला तर आरक्षण आणि अनुदान थांबेल, हे खरं. पांढरं कार्ड तरी राहील, आणि पुढे तब्येत पुन्हा बिघडली तर बोर्डाला जुना इतिहास दाखवायला तेच उपयोगी येईल.

लाभार्थी गेला, तर घरच्यांनी मृत्यूचा दाखला तहसीलला आणि बँकेला लगेच द्यावा. मागाहून जमा झालेले हप्ते परत मागितले जातात.

फाइल एकच ठेवा. पहिल्या कप्प्यात प्रमाणपत्र आणि कार्डाच्या प्रती, दुसऱ्यात पोच असलेले सगळे अर्ज, तिसऱ्यात रिपोर्ट. मूळ प्रमाणपत्र कुठल्याही टेबलावर सोडून येऊ नका. दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पिशवीत. कार्डाच्या मुदतीची तारीख फाइलच्या वरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.